‘टॉनिक’ : शब्दाचे मूळ आणि वैद्याची जबाबदारी

वीसहून अधिक वर्षे व्यवसाय केल्यावर रुग्णांच्या तोंडचे काही शब्द आपल्याला पाठ होऊन जातात. माझ्या चिकित्सालयात दिवसातून एकदा तरी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘डॉक्टर, फार टेन्शन आहे’ हे पहिले आणि उठता उठता ‘एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या’ हे दुसरे. बहुतेक वेळा दोन्ही वाक्ये एकाच रुग्णाची असतात. टेन्शन हे त्याचे गाऱ्हाणे आणि टॉनिक ही त्याची मागणी. हे दोन्ही शब्द इंग्रजीतून आले. पण आता ते इतके घरचे झाले आहेत की, अक्षरओळख नसलेली आजीबाईदेखील ते सहज उच्चारते.

काही वर्षांपूर्वी कुतूहलाने या दोन शब्दांची व्युत्पत्ती पाहिली, तेव्हा ते एकाच मुळातून निघाले आहेत हे ध्यानात आले. रुग्ण ज्याची तक्रार करतो आणि ज्याची मागणी करतो ते दोन्ही शब्द भाऊबंद निघावेत, हा निव्वळ गमतीचा विषय नाही. आपण आपल्या रसायनकल्पांना ‘टॉनिक’ म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो, याचा विचार त्यामुळे करावा लागतो. तोच विचार प्रस्तुत लेखात समव्यवसायी वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधविक्रेत्यांपुढे ठेवत आहे.

शब्दाचे कूळ

ग्रीक भाषेत ‘तेइनेइन’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ ताणणे. त्यापासून ‘तोनोस’ हे नाम झाले. ताणलेली दोरी, तारेचा ताण, आणि तार ताणल्यावर तिच्यातून निघणाऱ्या स्वराची उंची, असे अर्थ या एका नामात सामावले आहेत. ‘तोनोस’पासून ‘तोनिकोस’ हे विशेषण बनले आणि तेच इंग्रजीत ‘टॉनिक’ झाले. पाश्चात्त्य संगीतात मूळ आधारस्वराला, म्हणजे आपल्या षड्जाच्या जागी असलेल्या स्वराला, ‘टॉनिक’ म्हणतात तेही याच कारणाने. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला, तो स्नायूंच्या ताणाशी संबंधित असे विशेषण म्हणून. बल देणारे औषध हा अर्थ त्याला पुढे चिकटला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘टॉनिक’ हे औषधाचेच नाम होऊन बसले.

याच मुळाच्या लॅटिन शाखेतून ‘टेन्शन’ आला, ‘हायपरटेन्शन’ आला, स्नायूला अस्थीशी जोडणारा ‘टेंडन’ आला. ग्रीक शाखेतून ‘टिटॅनस’ आला. उदराच्या आत ताणून बसविलेले आवरण म्हणून ‘पेरिटोनियम’ हाही तेथलाच. ‘मसल टोन’ तर आपण रोज वापरतो.

आता संस्कृतकडे वळू. तनादि गणाला ज्याचे नाव मिळाले तो ‘तन्’ हा धातू (येथे धातू व्याकरणातला) विस्तारणे, ताणणे याच अर्थाचा आहे. त्यापासून तंतू, तान, वितान, संतान हे शब्द झाले. मराठीतले ताण, ताणणे, तणाव हे त्याचेच. कृश या अर्थाचा ‘तनु’ हा शब्दही त्याच कुळातला असून इंग्रजी ‘थिन’ त्याचा आप्त आहे. ‘तंत्र’ या शब्दाचा जुना अर्थ माग किंवा मागावरचा ताणा असा आहे. पुढे विषयाचे धागे नीट ताणून केलेली ग्रंथाची मांडणी म्हणजे तंत्र झाले आणि आपण अगदतंत्र, शल्यतंत्र, रसायनतंत्र म्हणू लागलो. सुश्रुतांनी वातव्याधींत वर्णिलेला ‘अपतानक’ आणि आधुनिकांचा ‘टिटॅनस’ या दोन शब्दांच्या पोटात एकच मूळ असणे, हे तर आपल्याला विशेष लक्षणीय वाटावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. असे साम्य दिसले की, ‘सर्व शब्द संस्कृतातूनच गेले’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्या मंडळींना सवय आहे. भाषाशास्त्र तसे सांगत नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याच्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका समान पूर्वज भाषेतून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले आणि पुढील अभ्यासाने ते दृढ झाले. म्हणजे ‘तन्’ आणि ‘तेइनेइन’ ही मायलेकरे नव्हेत, भावंडे आहेत. वास्तवात जेवढे आहे तेवढेच सांगितले, तरी आपल्या शास्त्राचा मान कमी होत नाही.

तारेची उपमा वैद्यकात कशी शिरली

शब्दाच्या मागे एक चित्र असते. ‘टॉनिक’च्या मागचे चित्र ताणलेल्या तारेचे आहे. प्राचीन ग्रीसमधील स्टोइक तत्त्वज्ञ असे मानत की, ‘न्युमा’ नावाचा वायुरूप पदार्थ सर्व वस्तूंत व्यापून असतो आणि त्याच्या ताणामुळेच वस्तू एकसंध राहते. चरकांनी वायूला ‘तंत्रयंत्रधर’ हे विशेषण दिले आहे, त्याची येथे आठवण होते. रोममध्ये मेथडिस्ट नावाचा वैद्यांचा संप्रदाय होता. त्यांच्या मते रोगाच्या मुख्य अवस्था दोनच, शरीर आवळले जाणे आणि सैल पडणे. आवळले असेल तर सैल करा आणि सैल असेल तर आवळा, अशी त्यांची सुटसुटीत चिकित्सा होती.

अठराव्या शतकात हा विचार युरोपात नव्या जोमाने आला. हाले येथील प्राध्यापक फ्रिडरिश हॉफमन यांनी शरीर हे तंतूंचे बनलेले असून त्या तंतूंचा ‘टोनस’ योग्य असणे म्हणजे आरोग्य, असे मांडले. टोनस वाढला की आक्षेप, घटला की शैथिल्य. एडिंबरोचे विल्यम कलेन यांनीही मज्जासंस्थेच्या बलाला रोगविचारात मध्यवर्ती स्थान दिले. त्यांचे शिष्य जॉन ब्राउन यांनी १७८० मध्ये आपला ग्रंथ लिहून या विचाराचे टोक गाठले. बहुतेक सर्व रोग दुर्बलतेमुळे होतात, म्हणून रुग्णाला उत्तेजक द्यावे, असे त्यांचे मत होते. त्यांची आवडती उत्तेजके म्हणजे मद्य आणि अफू. स्वतःच्या वातरक्तासारख्या व्याधीवरही त्यांनी हेच उपाय योजले आणि १७८८ मध्ये त्यांचे निधन झाले.

सैल पडलेली तार पिळून घट्ट करणारे द्रव्य ते टॉनिक, ही कल्पना अशा रीतीने पक्की झाली. मग कोणकोणती द्रव्ये टॉनिक ठरली ते पाहण्यासारखे आहे. सिंकोनाची साल ठरली, लोह ठरले, जेन्शियनसारखी तिक्त मुळे ठरली आणि कुचलाही ठरला. पेलेटिए व कॅव्हेन्टू या फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी १८१८ मध्ये स्ट्रिक्नीन आणि १८२० मध्ये क्विनीन वेगळे काढले. पुढे लोह, क्विनीन व स्ट्रिक्नीन एकत्र करून केलेले ‘ईस्टन्स सिरप’ ब्रिटनमध्ये टॉनिक म्हणून दीर्घकाळ खपले. स्ट्रिक्नीन खरोखरच तार घट्ट करते. मात्रा वाढली तर इतकी घट्ट करते की, अपतानकासारखे आक्षेप येऊन माणूस दगावतो. शब्दाच्या अर्थाशी इतके प्रामाणिक राहणारे दुसरे टॉनिक सापडणार नाही. आपण मात्र कुचल्याला रसायनात न घालता उपविषांत गणले, त्याचे शोधन सांगितले आणि अग्नितुंडी वटी किंवा विषतिंदुक वटीसारख्या कल्पांत मोजूनमापून वापरले.

एकोणिसाव्या शतकात वैद्यांच्या हातून हा शब्द बाजाराच्या हाती गेला. १८५८ मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँड यांनी क्विनीनयुक्त वायुमिश्रित ‘टॉनिक’ पेयाचे पेटंट घेतले. आजचे टॉनिक वॉटर हा त्याच वंशातील प्रकार. अमेरिकेत अटलांटा येथील औषधनिर्माते जॉन पेम्बर्टन यांनी १८८६ मध्ये जे पेय बाजारात आणले, त्याची जाहिरात मेंदूचे टॉनिक अशीही होत असे. ते पेय म्हणजे आजचे कोका-कोला. त्याच काळात तेथे स्त्रियांसाठी, अशक्तांसाठी, वृद्धांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्यांत मद्यार्क भरपूर असे. मद्याला हात न लावणारी माणसेही टॉनिक म्हणून ती चमचा-चमचा घेत. १९०६ च्या अमेरिकी कायद्याने मद्यार्क, अफू, कोकेन यांसारख्या द्रव्यांचा उल्लेख लेबलवर करणे सक्तीचे झाले, तेव्हा अनेकांना आपण काय पीत होतो ते कळले. ‘टॉनिक’ या शब्दाने बाटलीतल्या द्रव्यावर पांघरूण घालण्याचे काम किती चोख केले, हे यावरून दिसते.

आपल्याकडे हा शब्द कसा आला

इंग्रजी अमदानीत भारतीय वनौषधींची माहिती इंग्रजीतून लिहिली जाऊ लागली. डॉ. डिमॉक, वॉर्डन व हूपर यांचा ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. पुढे नाडकर्णी यांचा ‘इंडियन मटेरिया मेडिका’ आला आणि आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात तो आजही आहे. या विद्वानांचे श्रम मोठे आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु गुणकर्मे इंग्रजीत सांगताना त्यांना त्या काळच्या पाश्चात्त्य वैद्यकाचेच शब्द वापरावे लागले. त्यामुळे असंख्य वनस्पतींच्या पुढे ‘टॉनिक’ हे एकच विशेषण येऊन बसले. आपण महाविद्यालयात असताना ते तसेच पाठ केले आणि उत्तरपत्रिकेत लिहून गुणही मिळवले.

आता या एका शब्दाखाली आपली किती कर्मे दडली, ती मोजून पाहावी. चरकांनी सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात पन्नास महाकषाय सांगितले. त्यांत जीवनीय पहिला, बृंहणीय दुसरा, दीपनीय सहावा, बल्य सातवा आणि वयःस्थापन पन्नासावा. पाच स्वतंत्र गण, त्यांची स्वतंत्र द्रव्ये. इंग्रजीत या पाचांनाही टॉनिकच म्हटले जाते. चिरायता ‘बिटर टॉनिक’, अश्वगंधा ‘नर्व्हाइन टॉनिक’, अर्जुन ‘कार्डियाक टॉनिक’, अशोक ‘युटेराइन टॉनिक’. चिरायता तिक्त, लघू, रूक्ष. अश्वगंधा स्निग्ध, उष्ण, बृंहण. वाताने कृश झालेल्या रुग्णाला पहिले दिले तर तो आणखी सुकेल आणि साम अवस्थेतील मंदाग्नीच्या रुग्णाला दुसरे दिले तर आम वाढेल. दोघांच्या बाटलीवर शब्द मात्र एकच! ज्या शास्त्राने बल्य आणि बृंहण यांतही भेद केला, त्या शास्त्राचे वैद्य आपले नेमके शब्द सोडून एक मोघम शब्द उसना घेतात, याचे मला दुःख वाटते.

रसायनाची तर गोष्टच निराळी. प्रशस्त रसादी धातूंची प्राप्ती करून देणारा उपाय ते रसायन, असा चरकांच्या व्याख्येचा आशय आहे. ‘रस’ म्हणजे सतत वाहणारा आणि ‘अयन’ म्हणजे मार्ग. यामागचे चित्र वाहत्या पाटाचे आहे. धातुपोषण समजावताना आपण केदारीकुल्या न्याय सांगतो तो हाच. पाटाचे पाणी पहिल्या वाफ्यात भरते, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पाट तुंबला असेल तर पाणी कितीही सोडा, शेवटचा वाफा कोरडाच राहणार. म्हणून रसायनापूर्वी संशोधन सांगितले. मळक्या वस्त्रावर रंग चढत नाही, हा सुश्रुतांचा दृष्टांत आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. शिवाय रसायनाला वय आहे, काळ आहे, अग्नीची अट आहे, कुटीप्रावेशिक व वातातपिक असे विधी आहेत आणि औषधाचा कणही न घेता पाळावयाचे आचाररसायन आहे. टॉनिकला यांपैकी काहीही नाही. त्याला फक्त चमचा लागतो.

टॉनिक तार ताणते, रसायन धातूंना पोसते. आजचा रुग्ण ‘टेन्शन’ घेऊन येतो, म्हणजे त्याची तार आधीच प्रमाणाबाहेर ताणलेली असते. त्याला आणखी ताण देणारे काही नको असते. वातशमन, निद्रा, स्नेह आणि वेळेवर अन्न त्याला हवे असते. रुग्ण ‘टॉनिक’ मागतो तेव्हा त्याला गरज बहुधा याच गोष्टींची असते. पण आपण त्याचाच शब्द उचलून त्याला परत देतो.

माझा स्वतःचा प्रमाद

हे सर्व मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही. या शब्दाची किंमत माझ्या एका रुग्णाने मोजली आहे आणि चूक माझी होती.

माझे चिकित्सालय यंत्रमागाच्या गावात आहे. २०१३ च्या पावसाळ्यात एक माग कामगार माझ्याकडे आले. वय पन्नासच्या आसपास, रात्रपाळीचे काम. थकवा वाटतो, अंगात त्राण नाही, पाय दुखतात, अशी तक्रार होती. ‘एखादं चांगलं टॉनिक द्या’ असे त्यांनीच म्हटले. त्या दिवशी गर्दी होती. मी नाडी पाहिली, जीभ पाहिली, रात्रपाळी आणि जागरण हे कारण पुरेसे वाटले. मूत्रप्रवृत्तीविषयी विचारले नाही, वजन केले नाही. अश्वगंधारिष्ट आणि च्यवनप्राश लिहून दिले आणि म्हणालो, ‘हे टॉनिक घेत राहा, बरं वाटेल.’

ते घेत राहिले. गावातल्या औषधाच्या दुकानातून बाटली संपली की दुसरी आणत. च्यवनप्राश दोन वेळा दुधातून, तोही चमचा भरून. दुकानदारालाही त्यात काही वावगे वाटले नाही. टॉनिकला चिठ्ठी कोण मागतो? मध्यंतरी थोडे बरे वाटले, मग पुन्हा थकवा आला, तेव्हा त्यांनी मात्रा वाढवली. सात महिन्यांनी ते परत आले, ते उजव्या पायाची करंगळी काळी पडली म्हणून. उपाशीपोटीची रक्तशर्करा २९० निघाली. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागत होते, ते त्यांनी विचारल्यावर सांगितले. मी त्याच दिवशी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सकाकडे पाठवले. पाय वाचला, बोट गेले.

बरे होऊन आल्यावर मी त्यांना म्हटले, ‘तुम्ही मध्ये एकदा तरी दाखवायला यायला हवं होतं.’ त्यावर ते सहज म्हणाले, ‘औषध असतं तर आलो असतो की डॉक्टर. ते टॉनिकच होतं.’

त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले. औषध म्हटले असते तर त्याला अवधी आला असता, पथ्य आले असते, पुन्हा दाखवणे आले असते. ‘टॉनिक’ म्हणून मी त्या कल्पांतून हे सारे काढून घेतले होते. ‘थकवा’ या लक्षणाचे निदान करण्याच्या कर्तव्यातून मी स्वतःलाही मोकळे केले होते. प्रमेहाची पूर्वरूपे पाठ असलेल्या वैद्याने थकव्याला टॉनिक लिहावे आणि शर्करायुक्त अवलेह अमर्याद काळ घेत राहा म्हणावे, याला प्रमादाशिवाय दुसरा शब्द नाही.

त्याच गृहस्थांशी पुढे एकदा मागाविषयी बोलणे झाले. त्यांनी सांगितले की, ताण्याचे सूत मागावर चढवण्याआधी त्याला सायझिंगमध्ये खळ लावावी लागते; कोरडे सूत ताणले तर ते तुटत राहते आणि माग सारखा थांबतो. बलाचा विचार करताना मला आता हा दृष्टांत ग्रंथातल्या कोणत्याही दृष्टांताइतकाच जवळचा वाटतो. ताण सोसायचा तर सूत आधी पोसलेले हवे.

काही आक्षेप

यावर एक आक्षेप निश्चित घेतला जाईल. रुग्णाला ‘रसायन’ म्हटले तर तो घाबरतो, कारण आजच्या मराठीत रसायन म्हणजे केमिकल. शेतात फवारतात ते रसायन, कारखान्यातून ओढ्यात सोडतात ते रसायन. हा आक्षेप खोटा नाही. ‘हे रसायन आहे’ असे म्हटल्यावर ‘म्हणजे आयुर्वेदिक नाही का?’ असे मला एका शिक्षिकेने विचारले होते. आपलाच शब्द आपल्या हातून निसटून दुसऱ्या शास्त्राकडे गेला आहे. परंतु त्यावर उपाय म्हणून मोघम शब्द घेणे योग्य नव्हे. नाव कळत नसेल तर काम सांगावे. ‘हे भूक सुधारण्यासाठी, पंधरा दिवस’, ‘हे झीज भरून येण्यासाठी, दीड महिना, मग दाखवायचे’ असे सांगायला अर्धा मिनिट लागतो आणि ते कोणालाही कळते.

दुसरा आक्षेप असा की, शब्दांचे अर्थ बदलतात. आज इंग्रजीतही टॉनिक म्हणजे ताण असे कोणाच्या मनात येत नाही, मग व्युत्पत्ती उगाळण्यात काय हशील? हेही अंशतः खरे आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. डोस, सलाईन, रिपोर्ट हे शब्द मी स्वतः रोज वापरतो आणि त्यांना विरोध करणे हास्यास्पद ठरेल. वस्तूचे नाव उसने घेतले तर काही बिघडत नाही. कल्पनेचे नाव उसने घेतले, तर कल्पनाही त्या नावाबरोबर घरात येते आणि आपली कल्पना बाहेर जाते. व्युत्पत्तीचा उपयोग एवढाच की, उसनवारीत काय आले आणि काय गेले, ते तिने स्पष्ट दिसते.

तिसरा आक्षेप व्यवसायाचा आहे. ‘टॉनिक’ लिहिलेली बाटली खपते. औषधनिर्माते व दुकानदार यांची ही अडचण मी समजू शकतो. पण औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये आपल्या औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि नियम १६१ प्रमाणे लेबलवर घटकद्रव्यांची यादी व ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द असावे लागतात. अनुसूची ई(१) मधील कुचल्यासारखे द्रव्य पोटात घ्यावयाच्या औषधात असेल, तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचनाही असावी लागते. म्हणजे कायदा बाटलीला औषध म्हणतो आणि त्याच बाटलीच्या दर्शनी बाजूवरची मोठी अक्षरे तिला टॉनिक म्हणतात. माझ्या रुग्णाने मोठी अक्षरे वाचली. बहुतेक रुग्ण तेच करतात.

काय करता येईल

उपाय फार मोठे नाहीत. अधिवेशनात ठराव करण्याची वाट न पाहता उद्या सकाळपासून ते अमलात आणता येतील.

वैद्यांनी चिठ्ठीवर कल्पाच्या नावापुढे कर्म आणि अवधी लिहावा. दीपन, बल्य, बृंहण किंवा रसायन, यांपैकी जे अभिप्रेत असेल ते. आणि किती दिवस, ते. कर्म लिहायचे म्हटले की आपोआप विचार करावा लागतो. अग्नी कसा आहे, आम आहे का, कोणता धातू क्षीण आहे, हे प्रश्न सुटत नाहीत. थकवा घेऊन आलेल्या चाळिशीपुढील प्रत्येक रुग्णाचे वजन, रक्तशर्करा आणि रक्तातील हिमोग्लोबिन पाहावे. पांडू, राजयक्ष्मा आणि प्रमेह हे तिन्ही रोग सुरुवातीला ‘अशक्तपणा’ हेच नाव सांगून दारात येतात.

औषधविक्रेत्यांना माझी नम्र विनंती आहे. एकच ग्राहक तीच शक्तीची बाटली तिसऱ्यांदा मागू लागला, तर बाटली देताना ‘एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या’ एवढे म्हणावे. गावात रुग्ण वैद्याकडे वर्षातून एकदा जातो, दुकानात महिन्यातून दोनदा. आमच्या नजरेतून सुटलेले तुमच्या नजरेस पडू शकते. अवलेह देताना ‘साखर आहे का?’ हा प्रश्न ग्राहकाला आरोग्याच्या अर्थाने विचारावा आणि कल्पात साखर आहे हेही सांगावे.

निर्मात्यांनी लेबलवर ‘टॉनिक’ऐवजी कर्माचे नाव मोठ्या अक्षरांत छापून पाहावे. लोकांना ते समजणार नाही, अशी भीती बाळगू नये. ‘त्रिफळा’, ‘काढा’, ‘पथ्य’ हे शब्द लोकांनी शतकानुशतके सांभाळले आहेत. ‘बल्य’ शिकायला त्यांना फार वेळ लागणार नाही.

त्या कामगारांचा मुलगा आता स्वतः चार माग चालवतो. गेल्या वर्षी तो रात्रीच्या जागरणाने थकून माझ्याकडे आला आणि वडिलांसारखाच म्हणाला, ‘एखादं टॉनिक द्या.’ मी त्याला खुर्चीवर बसवले आणि आधी वजनकाट्याकडे बोट दाखवले. त्याची रक्तशर्करा प्राकृत होती. हिमोग्लोबिन मात्र कमी होते. चिठ्ठीवर मी नवायस लोह लिहिले, पुढे ‘पांडू, एक महिना, नंतर पुन्हा रक्ततपासणी’ असे लिहिले. तिसाव्या दिवशी तो आला.